घडीचा प्लग : प्रत्येक मिलिमीटरमागे सुरक्षेचा नियम

मोबाइल फोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप गेल्या दोन दशकांत सातत्याने पातळ होत गेले. त्यांना वीज पुरवणारा भिंतीतला प्लग मात्र जवळपास होता तसाच राहिला. प्रवासाच्या बॅगेत तीन पिनांचा प्लग कपड्यांत अडकतो, लॅपटॉपच्या झाकणावर ओरखडे पाडतो आणि चार्जरपेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यावरचा उपाय म्हणून पिना मिटणारे किंवा संपूर्ण प्लगचीच घडी होणारे प्लग बाजारात आले आहेत. दिसायला साधी वाटणारी ही सुधारणा विद्युत अभियंत्यांच्या दृष्टीने मात्र बरीच अवघड आहे. प्लगचा आकार सहज कमी करता आला असता, तर तो केव्हाच कमी झाला असता. त्याच्या जाडीत, रुंदीत आणि पिनांच्या लांबीत कोणता ना कोणता सुरक्षेचा नियम दडलेला आहे. घडी घालताना त्यांपैकी एकही नियम मोडता कामा नये, हे या रचनेपुढचे खरे आव्हान आहे.

या आव्हानाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. तेथील तीन चौकोनी पिनांचा प्लग जगातील सर्वांत सुरक्षित प्लगांमध्ये गणला जातो आणि सर्वांत अवजड प्लगांमध्येही. त्यामुळे घडीच्या प्लगाची कल्पना सर्वाधिक गाजली तीही तेथेच.

जाडजूड प्लगमागची कारणे

दुसरे महायुद्ध सुरू असतानाच ब्रिटनमध्ये युद्धोत्तर घरबांधणीचा विचार सुरू झाला होता. घरांतील वीजजोडणी कशी असावी, हे ठरवण्यासाठी १९४२ मध्ये एक समिती नेमण्यात आली. महिलांना विजेच्या वापराची ओळख करून देण्याचे काम करणाऱ्या कॅरोलाइन हॅस्लेट या त्या समितीतील एकमेव महिला सदस्य होत्या. समितीचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातूनच १९४७ मध्ये ‘बीएस १३६३’ हे मानक तयार झाले.

त्या काळात तांब्याची टंचाई होती. तांबे वाचवण्यासाठी खोल्याखोल्यांतील सॉकेट एकाच वर्तुळाकार तारेवर जोडण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. या तारेची दोन्ही टोके वीजमंडलाच्या मुख्य पेटीत येतात आणि तिचे संरक्षण करणारी यंत्रणा पूर्वी ३० आणि आता ३२ अँपिअरची असते. येथेच एक अडचण निर्माण होते. टेबलावरच्या दिव्याची बारीक वायर बिघडून तिच्यातून २० अँपिअर वीज वाहू लागली, तर मुख्य पेटीतील यंत्रणेला त्यात वावगे काही दिसणार नाही. वायर मात्र पेट घेईल. म्हणून प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज बसवणे भाग पडले. छोट्या उपकरणांसाठी ३ आणि मोठ्यांसाठी १३ अँपिअरचा हा फ्यूज २५.४ मिलिमीटर लांब आणि सुमारे ६.३ मिलिमीटर जाड असतो. तो बसवायचा आणि बदलताही यायला हवा, म्हटल्यावर प्लगला किमान आकारमान येतेच.

दुसरे कारण अर्थच्या पिनेचे. ही पिन सुमारे २२.७ मिलिमीटर, तर फेज आणि न्यूट्रलच्या पिना सुमारे १७.७ मिलिमीटर लांब असतात. अर्थची पिन आधी आत जाते आणि सॉकेटमधील झडपा उघडते. त्यानंतरच उरलेल्या दोन पिनांना वाट मिळते. लहान मुलाने त्या दोन छिद्रांत तार किंवा खिळा घालण्याचा प्रयत्न केला, तरी झडप आडवी येते. प्लग काढतानाही अर्थ सर्वांत शेवटी सुटते. १९८० च्या दशकात फेज आणि न्यूट्रलच्या पिनांच्या मुळाशी प्लास्टिकचे आवरण सक्तीचे झाले. अर्धवट बाहेर आलेल्या प्लगच्या फटीतून बोट गेले, तरी धातूला स्पर्श होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

तिसरे कारण प्लगच्या कडेचे. पिनेपासून प्लगच्या बाहेरील कडेपर्यंत किमान ९.५ मिलिमीटर अंतर राखावे लागते. प्लग हातात धरून ओढताना बोट पिनेपर्यंत पोहोचू नये, यासाठी ही मर्यादा आहे. पिनांची जागा ठरलेली आहे आणि त्यांच्याभोवतीचा परीघही ठरलेला आहे. त्यामुळे प्लगचा पाया लहान करण्यास वावच उरत नाही. वायर प्लगच्या खालच्या बाजूने बाहेर पडते आणि पाठ सपाट असते. परिणामी जमिनीवर पडलेला ब्रिटिश प्लग पिना वर करून पडतो आणि अनवाणी पायांना त्याचा प्रसाद मिळतो.

लंडनमधील विद्यार्थ्याची कल्पना

ॲपल कंपनीने जानेवारी २००८ मध्ये ‘मॅकबुक एअर’ हा लॅपटॉप सादर केला. त्याची सर्वांत जाड बाजूही १९.४ मिलिमीटर होती. जगातला सर्वांत पातळ लॅपटॉप जगातल्या सर्वांत मोठ्या प्लगसोबत वापरावा लागतो, ही विसंगती लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या मिन-क्यू चोई या कोरियन वंशाच्या विद्यार्थ्याला खटकली. त्याने २००९ मध्ये घडीच्या प्लगाचा नमुना मांडला. मिटल्यावर त्याची जाडी अवघी १० मिलिमीटर होती. या कल्पनेला २०१० मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातील सर्वोत्तम रचनेचा पुरस्कार मिळाला.

रचना कल्पक होती. फेज आणि न्यूट्रलच्या दोन पिना मधल्या भागावर एकत्र बसवलेल्या होत्या. हा भाग ९० अंशांत फिरवला, की दोन्ही पिना अर्थच्या पिनेशी एका रेषेत येत. मग प्लगच्या दोन्ही बाजूंचे पंख दुमडले, की तिन्ही पिना त्यांच्यामध्ये झाकल्या जात. पिना तोडलेल्या, आखूड केलेल्या किंवा बारीक केलेल्या नव्हत्या. उघडलेल्या अवस्थेत प्लगने मानकाचे मोजमाप पाळायचे आणि मिटलेल्या अवस्थेत जागा वाचवायची, असा हा विचार होता.

पुरस्कार मिळाल्यानंतरचा प्रवास अधिक बोलका आहे. नमुना वायर जोडता येणाऱ्या सर्वसाधारण प्लगाचा होता. २०१२ मध्ये ‘म्यू’ या नावाने प्रत्यक्ष विक्रीला आलेली वस्तू मात्र यूएसबी चार्जर होती आणि तिची जाडी १४ मिलिमीटर होती. सर्व प्रकारच्या उपकरणांसाठी असलेला प्लग आणि केवळ फोनपुरता चार्जर यांतील हा फरक, घडीच्या प्लगाची मर्यादा नेमकी कोठे आहे ते दाखवतो.

सांध्यातून वाहणारी वीज

साध्या प्लगमध्ये पिन पक्की बसवलेली असते. घडीच्या प्लगमध्ये ती किंवा तिचा आधार हलतो. म्हणजेच वीज एका हलत्या सांध्यातून जाते. हे काम लवचीक तारेने किंवा स्प्रिंगसारख्या धातूच्या पात्याने करावे लागते. तार पुन्हा पुन्हा वाकली, की तिचे धागे एकेक करून तुटतात; पात्यावर धूळ, ओलावा आणि झीज यांचा परिणाम होऊन त्याचा स्पर्श सैल पडतो. दोन्ही बाबतींत त्या जागेचा विद्युतरोध वाढतो आणि तेथे उष्णता निर्माण होते.

ही उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सांध्याचा रोध एका ओहमचा शंभरावा भाग आहे, असे मानू. पाणी उकळण्याच्या ३ किलोवॉटच्या किटलीला सुमारे १३ अँपिअर वीज लागते. अशा वेळी त्या एका सांध्यात सुमारे १.७ वॉट उष्णता निर्माण होईल. बंद प्लास्टिकच्या आत नखाएवढ्या जागेत ती कोंडून राहिली, तर प्लास्टिक मऊ पडते, सांधा आणखी सैल होतो आणि उष्णता आणखी वाढते. इस्त्रीचा किंवा गिझरचा काळवंडलेला प्लग पाहिलेल्या कोणालाही हे चक्र परिचित असेल. याउलट फोनच्या चार्जरला अँपिअरचा पाचवा भागही पुरेसा होतो. त्याच सांध्यातील उष्णता मग चार हजारपटींहून अधिक कमी होते, म्हणजे जवळपास नगण्य ठरते. घडीचे प्लग चार्जरपुरते का रुजले आणि किटली, हीटर किंवा वॉशिंग मशीनपर्यंत का पोहोचले नाहीत, याचे मुख्य उत्तर या गणितात आहे.

टिकाऊपणाचा प्रश्नही असाच आहे. रोज एकदा उघडून एकदा मिटलेला प्लग पाच वर्षांत ३,६५० वेळा हलतो. एवढ्या हालचालींनंतरही पिन डळमळता कामा नये, मधेच अडता कामा नये आणि सॉकेटमधून ओढताना उपटून येता कामा नये. तुटलेल्या पिनेचा धोका काल्पनिक नाही. ॲपलने २००८ मध्ये ‘आयफोन ३जी’सोबतचे छोटे चार्जर परत मागवले होते, त्यांच्या धातूच्या पिना तुटून सॉकेटमध्येच राहण्याची आणि त्यामुळे विजेचा धक्का बसण्याची शक्यता होती. त्याच कंपनीने २०१६ मध्ये युरोप, ऑस्ट्रेलिया आदी भागांतील दोन पिनांचे आणि २०१९ मध्ये प्रामुख्याने ब्रिटन, हाँगकाँग व सिंगापूरसाठीचे तीन पिनांचे प्लगचे सुटे भाग तुटण्याच्या धोक्यामुळे बदलून दिले. हे सर्व प्लग घडीचे नव्हते. न हलणाऱ्या पिनाही दगा देऊ शकतात, तर हलणाऱ्या पिनेची परीक्षा किती कठोर असायला हवी, हे त्यावरून लक्षात येते.

अर्धवट उघडलेला प्लग

साध्या प्लगच्या दोनच अवस्था असतात : सॉकेटमध्ये किंवा सॉकेटबाहेर. घडीच्या प्लगला तिसरीही अवस्था असते, ती म्हणजे अर्धवट उघडलेली. रात्री अंधारात, घाईत किंवा मुलांच्या हातून प्लग नीट न उघडताच सॉकेटमध्ये घातला गेला तर काय होईल, हा प्रश्न रचनाकाराला सर्वांत आधी सोडवावा लागतो.

पंख मिटलेले असताना पिना सॉकेटमध्ये जाऊ शकल्या, तर ९.५ मिलिमीटरची सुरक्षित कड नाहीशी होते आणि बोट थेट फेजच्या पिनेला लागू शकते. प्लग आत असताना एखादा पंख दुमडला गेला, तरी तोच धोका. अरुंद प्लगबाबत आणखी एक शक्यता विचारात घ्यावी लागते. तो उलटा धरून केवळ अर्थची पिन सॉकेटमध्ये घुसवता आली, तर झडपा उघडतील आणि फेजचे छिद्र मोकळे पडेल. नेहमीच्या रुंद प्लगमध्ये त्याचा पायाच असा वापर अवघड करतो. पाया मिटला, की हा अडसर दूर होतो.

वापरणाऱ्याला सूचना देऊन हे प्रश्न सुटत नाहीत. चुकीचा वापर रचनेनेच अशक्य करावा लागतो. पिना एका रेषेत आल्यावर त्या सॉकेटच्या त्रिकोणी मांडणीत बसूच शकत नाहीत, हा चोई यांच्या रचनेचा मोठा गुण होता. प्लग पूर्ण उघडल्यावर तो खट्कन अडकावा आणि भिंतीत असताना सुटू नये, ही दुसरी अट. मात्र हा अडकणारा भाग प्लास्टिकचा असतो आणि त्याचीही झीज होते. एका धोक्यावरचा उपाय अशा रीतीने तपासण्याजोगा आणखी एक भाग निर्माण करतो.

अर्थच्या पिनेचे कोडे

धातूचे बाह्यांग असलेल्या फ्रिज, मिक्सरचे मोठे प्रकार, वॉशिंग मशीन यांसारख्या उपकरणांसाठी अर्थिंग जीवनरक्षक असते. आतील फेजची वायर सुटून बाह्यांगाला लागली, तर वीज अर्थमार्गे निघून जाते आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. हा मार्ग सतत अखंड राहणे आवश्यक असते. अर्थची पिन हलत्या सांध्यावर बसवली आणि तो सांधा सैल झाला, तर बिघाड बाहेरून दिसत नाही. उपकरण नेहमीसारखे चालते. संरक्षण मात्र संपलेले असते.

फोन आणि टॅब्लेटच्या बहुतेक चार्जरना ही गरज नसते. त्यांच्यात दुहेरी विद्युतरोधन असते आणि त्याची खूण म्हणून एका चौकोनात दुसरा छोटा चौकोन छापलेला असतो. अशा चार्जरमधील अर्थची पिन केवळ सॉकेटची झडप उघडण्यापुरती असते आणि ती पूर्णपणे प्लास्टिकची असली तरी चालते. घडीच्या रचनेला त्यामुळे मोठी मोकळीक मिळते. धातूच्या अर्थ पिनेवर अर्धे प्लास्टिकचे आवरण असणे मात्र ब्रिटिश मानकाला मान्य नाही, कारण आवरणामुळे सॉकेटमधील संपर्क तुटू शकतो. स्वस्त आणि बनावट प्लग ओळखण्याची ती एक सोपी खूण आहे.

अमेरिकेत सोपे, इतरत्र अवघड

अमेरिका आणि जपानमध्ये मिटणाऱ्या पिनांचे चार्जर अनेक वर्षांपासून सर्रास मिळतात. तेथील दोन पिना चपट्या, सुमारे दीड मिलिमीटर जाडीच्या आणि एकमेकींना समांतर असतात. त्या चार्जरच्या खाचेत सहज आडव्या पडतात. वीजदाबही अमेरिकेत साधारण १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्ट आहे. ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, मलेशिया यांसारख्या देशांत पिना तीन, जाड आणि दोन दिशांना वळलेल्या असतात, तर दाब सुमारे २३० ते २४० व्होल्ट असतो. त्यामुळे एका देशात यशस्वी झालेली घडी दुसऱ्या देशात तशीच उचलता येत नाही.

भारतातील चित्र

भारतातील गोल पिनांचा प्लग ब्रिटनच्याच जुन्या ‘बीएस ५४६’ मानकाचा वारस आहे. ब्रिटनने चौकोनी पिना स्वीकारल्या; भारताने गोल पिनांची परंपरा ‘आयएस १२९३’ या मानकाखाली ६ आणि १६ अँपिअरच्या प्रकारांत पुढे चालवली. येथील घरांत वर्तुळाकार तारेची पद्धत रूढ नसल्याने प्लगमध्ये फ्यूज नसतो आणि संरक्षणाची जबाबदारी बोर्डावरील एमसीबी किंवा फ्यूजवर असते.

भारतीय प्रवाशांचा घडीच्या किंवा छोट्या प्लगांशी संबंध येतो तो प्रामुख्याने दोन प्रकारे. पहिला म्हणजे युरोपीय धर्तीच्या दोन बारीक पिनांचे चार्जर. त्यांच्या पिना साधारण ४ मिलिमीटर जाड असतात, तर ६ अँपिअरच्या भारतीय प्लगच्या पिना सुमारे ५ मिलिमीटरच्या. त्यामुळे असा चार्जर अनेक बोर्डांत सैल बसतो, लोंबकळतो आणि कधी ठिणग्याही पडतात. चार्जर जितका जड, तितका हा ताण अधिक.

दुसरा संबंध परदेशप्रवासाचा. दुबई, लंडन किंवा सिंगापूरला गेलेले अनेक जण भारतातील दोन पिनांचा चार्जर तेथील सॉकेटमध्ये बसवण्यासाठी अर्थच्या छिद्रात पेनाचे टोपण किंवा चमच्याचा दांडा खुपसून झडप उघडतात. या युक्तीने १९४७ पासून जपलेले संरक्षण एका क्षणात रद्द होते. शिवाय गोल बारीक पिना चौकोनी संपर्कांत नीट धरल्या जात नाहीत. अमेरिकेतून आणलेला घडीचा चार्जर स्वस्त अडॅप्टरमध्ये घालून भारतात वापरतानाही सैल सांध्यांची साखळीच तयार होते. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर तो वीजदाब सोसतो. पिनांची पकड घट्ट असेल, अशी हमी मात्र त्यातून मिळत नाही.

खरेदी करताना

छोट्या चार्जरच्या बाबतीत नक्कल हा मोठा धोका आहे. अमेरिकेतील ‘यूएल’ या सुरक्षा चाचणी संस्थेने २०१६ मध्ये ४०० बनावट आयफोन चार्जर तपासले; त्यांपैकी ३९७ मूलभूत चाचण्यांत अपयशी ठरले आणि १२ चार्जरमध्ये प्राणघातक धक्क्याचा धोका आढळला. आकार कमी करताना उच्च दाबाचा भाग आणि वापरणाऱ्याच्या हाती येणारी केबल यांच्यातील सुरक्षित अंतर राखणे खर्चीक असते आणि बनावट मालात नेमके तेच वगळले जाते. त्यावर हलत्या पिनांची भर पडली, तर जोखीम वाढते.

भारतात मोबाइल आणि संगणकाच्या चार्जरसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर मानक क्रमांकासोबत ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. ब्रिटिश धर्तीच्या प्लगवर ‘बीएस १३६३’ ही खूण पाहावी.

घडीचा प्लग हातात घेतल्यावर काही गोष्टी उपकरणांशिवायही तपासता येतात. पिना पूर्ण उघडल्यावर त्या घट्ट अडकायला हव्यात आणि हलक्या दाबाने मिटता कामा नयेत. अर्धवट उघडलेल्या अवस्थेत तो सॉकेटमध्ये बसत असेल, तर तो वापरू नये. सॉकेटमधून काढताना पिना डुगडुगत असतील, वापरताना पिनांच्या मुळाशी ऊब जाणवत असेल, प्लास्टिक पिवळे किंवा तपकिरी पडले असेल किंवा चरचर असा आवाज येत असेल, तर प्लग बदलण्याची वेळ झालेली असते. इस्त्री, हीटर, किटली यांसारख्या जास्त वीज घेणाऱ्या उपकरणांसाठी घडीचे प्लग किंवा प्रवासी अडॅप्टर वापरू नयेत. सॉकेटला खटका असेल, तर प्लग घालताना आणि काढताना तो बंद ठेवावा.

यूएसबी-सी प्रकारच्या एकाच चार्जरवर फोनपासून लॅपटॉपपर्यंतची उपकरणे चालू लागल्याने प्रवासात सोबत न्यायच्या प्लगांची संख्या घटत आहे. बॅगेत चारऐवजी एकच प्लग असेल, तर त्याची जाडी १० मिलिमीटर आहे की २०, हा प्रश्न तितकासा टोकाचा राहत नाही. मात्र तोच एक प्लग आता दिवसभर आणि अनेक उपकरणांसाठी वापरला जाणार असल्याने त्याच्या सांध्यांची आणि पिनांची मजबुती पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरणार आहे.